दहा टक्क्यांची चाळणी

महागावजवळच्या एखाद्या जिनिंगात चाळीस माणसं कामाला असतील, तर तिथे सरकारी विद्यावेतनावर किती पोरांना शिकायला घेता येईल? चार. पाचवा नाही. तेवढ्याच चाळीस माणसांचा दवाखाना असेल तर आठ, कारण सेवाक्षेत्राला दहाऐवजी वीस टक्क्यांची मुभा आहे.

हा हिशेब 2024च्या जुलैत आलेल्या, राज्य सरकारच्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेचा. बारावी झालेल्याला महिना 6,000 रुपये, आयटीआय-पदविकावाल्याला 8,000, पदवीधराला 10,000. आधी मुदत सहा महिन्यांची होती, पुढे अकरा झाली. नियम वाचताना रुक्ष वाटतात. पण एकेक अट सोलून पाहिली की थक्क व्हायला होतं. प्रत्येकीच्या पोटात एक भीती जपून ठेवलेली असते.

दहा टक्केच का? जुन्या कामगाराचा पगार मालकाच्या खिशातून जातो, शिकणाऱ्याचं विद्यावेतन सरकार देतं. मर्यादा नसती तर जाणत्या माणसाला घरी बसवून फुकटचे हात घेण्याचा मोह किती झाला असता! मला तर यात आणखी एक शहाणपण दिसतं: दहा जाणत्यांमागे एकच नवखा असला, तरच त्याला शिकवायला कुणी उरतं. आस्थापना तीन वर्षं जुनी हवी, म्हणजे योजनेपुरती टांगलेली पाटी चालत नाही. पीएफ, ईएसआयसी, जीएसटीची नोंदणी हवी, म्हणजे कामगार किती हे मालकाच्या तोंडी सांगण्यावर राहत नाही. आणि पैसा थेट पोराच्या खात्यात. कंपनीच्या हाती त्यातला रुपयाही पडत नाही.

पण चाळणीची भोकं कुणाच्या मापाची आहेत? पीएफचा कायदा साधारण वीस कामगारांपासून लागू होतो. रस्त्याकडेच्या वेल्डिंगच्या दुकानात तिघंच असतात, आणि तिघांचे दहा टक्के म्हणजे अख्खा माणूससुद्धा नाही. याच महागाव तालुक्यातल्या फुलसावंगीत आठवीपर्यंत शिकलेल्या एका वेल्डर तरुणाने मारुती 800चं इंजिन बसवून हेलिकॉप्टर बनवलं होतं. ऑगस्ट 2021मध्ये चाचणी घेताना पातं तुटलं आणि तो गेला. मला त्याची हळहळ अजून वाटते. योजना तेव्हा नव्हती. असती तरी बारावीच्या अटीपाशीच तो अडला असता.

केंद्राची चाळणी वेगळी विणलेली आहे. 2016च्या राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजनेत काही कामांसाठी पाचवी पासही चालतो, आणि चार माणसांचं दुकानही स्वखुशीने उमेदवार घेऊ शकतं. मात्र सरकारचा वाटा विद्यावेतनाच्या चौथाईइतका, तोही महिना जास्तीत जास्त 1,500 रुपये. उरलेले पैसे त्या दुकानदाराने स्वतःच्या गल्ल्यातून काढायचे.