कपडे विकणाऱ्या कंपन्याच 'जुना कपडा नव्याने शिवा' असं का सांगतायत?

जुन्या जीन्सची बॅग, बाबांच्या शर्टाचा टॉप, दोन टी-शर्ट जोडून केलेला तिसरा टी-शर्ट... असे रील्स तुमच्याही फीडमध्ये येत असतील. तरुण मुलं-मुली हे करतायत यात नवल नाही. नवल हे आहे की, ज्यांचा धंदाच नवे कपडे विकण्यावर चालतो त्या कंपन्याही आता हेच करायला सांगतायत.

लिवाइजच्या अनेक दुकानांमध्ये आता शिवणयंत्र आणि शिंपी दिसतो. जपानची युनिक्लो जुन्या कपड्यांवर भरतकाम करून देते. अतिशय स्वस्त कपड्यांसाठी ओळखली जाणारी आयर्लंडची प्रायमार्क ही साखळी लोकांना बटण लावायला आणि उसवलेलं शिवायला मोफत शिकवते.

ग्राहक जुनाच कपडा वापरत राहिला तर नवा कोण घेणार? मग या कंपन्या स्वतःच्याच पायावर धोंडा का मारून घेतायत? की यात वेगळं गणित आहे?

दुकानात नेमकं काय करून मिळतं?

याचे साधारण तीन प्रकार आहेत.

पहिला, दुरुस्ती. फाटलेलं रफू करणं, चेन बदलणं, ठिगळ लावणं. स्वीडनची न्यूडी जीन्स ही कंपनी स्वतःच्या जीन्स फुकट दुरुस्त करून देते आणि तीच तिची जाहिरातही आहे. झारानं नोव्हेंबर २०२२ मध्ये ब्रिटनमध्ये दुरुस्ती, पुनर्विक्री आणि दान अशी तिहेरी सेवा सुरू केली.

दुसरा, रूप बदलणं. पँट आखूड करणं, पायाचा घेर कमी करणं, जॅकेटच्या पाठीवर पॅच लावणं, नाव किंवा चित्र भरणं. २०२२ मध्ये युनिक्लोनं लंडनच्या रीजंट स्ट्रीटवरच्या दुकानात यासाठी वेगळा स्टुडिओ उघडला. तिथे 'साशिको' या जपानी टाक्यानं कपडे सजवून मिळतात. कापड टिकावं म्हणून जपानच्या खेड्यांत हा टाका घालत. आता त्याची फॅशन झाली आहे.

तिसरा प्रकार म्हणजे शिकवणं. कार्यशाळा, व्हिडिओ, घरी करून बघण्याच्या कृती. इथे कंपनी तुमचा कपडा हातात घेत नाही, तुमच्याच हातात सुई देते.

ही कल्पना नवी आहे का?

अजिबात नाही. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनमध्ये जून १९४१ पासून कपड्यांचं रेशनिंग सुरू झालं. १९४३ मध्ये सरकारनं 'मेक डू अँड मेंड' नावाची पुस्तिका काढली. आहे त्यात भागवा आणि दुरुस्त करून वापरा, असा तिचा अर्थ. जुन्या कपड्यातून नवा कसा बेतायचा हे त्यात सांगितलं होतं. पण तेव्हा कारण सरळ होतं, कापडच नव्हतं.

आजच्या प्रकाराशी जास्त जुळणारी गोष्ट घडली ती ३० वर्षांनी, अमेरिकेत. हिप्पींच्या काळात तरुण मुलं स्वतःच्या जीन्सवर भरतकाम करायची, चित्रं रंगवायची, चामड्याचे तुकडे आणि टिकल्या लावायची. लिवाइजनं हे हेरलं. १९७३ मध्ये कंपनीनं सजवलेल्या डेनिमची स्पर्धा जाहीर केली. सुमारे दोन हजार प्रवेशिका आल्या. विजेत्यांचे कपडे पुढे संग्रहालयांमध्ये मांडले गेले.

म्हणजे कंपनीनं तरुणांना काही नवं शिकवलं नव्हतं. तरुण आधीच जे करत होते त्यावर तिनं आपलं नाव लावलं. ५० वर्षांनी आज जे चाललंय ते यापेक्षा फार वेगळं नाही.

मग आत्ताच का?

पहिलं कारण सोशल मीडिया. फेब्रुवारी २०२० मध्ये गायक हॅरी स्टाइल्सनं जे. डब्ल्यू. अँडरसन या ब्रँडचं रंगीबेरंगी चौकोनांचं कार्डिगन घातलं. त्याची किंमत हजार पौंडांहून जास्त होती. मग लॉकडाउन लागला आणि टिकटॉकवर हजारो मुला-मुलींनी ते घरी विणायला घेतलं. दावा ठोकण्याऐवजी ब्रँडनं जुलैमध्ये त्या कार्डिगनची विणकामाची कृतीच फुकट देऊन टाकली. बोलबाला झाला आणि पुढे ते कार्डिगन लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात जाऊन बसलं. घरी करून बघणारा ग्राहक हा तोटा नसून फुकटची जाहिरात आहे, हे यातून सगळ्यांना कळलं.

दुसरं कारण, दुकानात माणूस यायला हवा. कपडे मोबाइलवर मागवता येतात, पण जॅकेटवर नाव भरून घ्यायला दुकानातच जावं लागतं. तिथे अर्धा तास थांबलेला माणूस आजूबाजूचे चार कपडे बघतोच.

तिसरं कारण कायद्याचं. युरोपीय संघात जानेवारी २०२५ पासून जुनं कापड इतर कचऱ्यापासून वेगळं गोळा करणं बंधनकारक झालं. न विकलेले कपडे नष्ट करायला मोठ्या कंपन्यांना बंदी घालणारा नियमही आला, त्याची तारीख १९ जुलै २०२६. कपडा विकला की आपला संबंध संपला, असं म्हणायची सोय कमी होत चालली आहे.

पर्यावरणाला खरंच फायदा होतो का?

होतो, आणि तो कुठे होतो हे समजून घेण्यासारखं आहे.

लिवाइजनं २०१५ मध्ये आपल्या प्रसिद्ध ५०१ जीन्सचा हिशेब मांडला. कापूस पिकवण्यापासून ती जीन्स टाकून देईपर्यंत सुमारे ३,७८१ लिटर पाणी लागतं. त्यातलं ६८ टक्के एकट्या कापसाच्या शेतीत जातं, तर घरच्या धुण्यात २३ टक्के. म्हणजे जीन्स तुमच्या हातात येते तेव्हा बहुतेक पाणी खर्च होऊन गेलेलं असतं. ते परत मिळत नाही. आपल्या हातात एवढंच उरतं की, ती जीन्स जास्त दिवस वापरायची आणि पुढची घेणं लांबवायचं.

ब्रिटनच्या 'रॅप' या संस्थेनं असा हिशेब केला होता की, कपड्याचं वापरातलं आयुष्य नऊ महिन्यांनी वाढलं तर त्यामागचा कार्बन, पाणी आणि कचरा साधारण २० ते ३० टक्क्यांनी कमी होतो. याच संस्थेच्या अलीकडच्या अभ्यासात, कपडा दुरुस्त केल्यावर सुमारे ८२ टक्के वेळा नवी खरेदी टळल्याचं दिसलं.

'मग रिसायकल करू' हा पर्याय वाटतो तितका सोपा नाही. एलन मॅकआर्थर फाउंडेशनच्या २०१७ च्या अहवालानुसार, कपड्यांसाठी लागणाऱ्या मालापैकी एक टक्काही पुन्हा नव्या कपड्यात येत नाही. त्याच अहवालानुसार १५ वर्षांत कपड्यांचं उत्पादन जवळपास दुप्पट झालं आणि एक कपडा टाकण्याआधी जितक्या वेळा घातला जातो ते प्रमाण ३६ टक्क्यांनी घटलं.

मग मेख कुठे आहे?

मेख अशी की, फायदा दुरुस्तीतून येत नाही. तो 'न घेतलेल्या' नव्या कपड्यातून येतो. जुनं जॅकेट सजवलं आणि त्याच फेरीत नवे दोन टी-शर्ट घेतले, तर हिशेब उलटाच झाला.

पॅटागोनिया या अमेरिकी कंपनीची गोष्ट यासाठीच सांगितली जाते. २५ नोव्हेंबर २०११ ला, म्हणजे अमेरिकेतल्या सर्वात मोठ्या खरेदीच्या दिवशी, तिनं न्यूयॉर्क टाइम्समध्ये पानभर जाहिरात दिली: 'हे जॅकेट घेऊ नका'. ते जॅकेट बनवायला १३५ लिटर पाणी लागतं, हेही त्यात छापलं होतं. पुढच्या वर्षी कंपनीची विक्री वाढली. पॅटागोनिया खरोखर दुरुस्तीवर खर्च करते, तिचं मोठं दुरुस्ती केंद्र नेवाडा राज्यातल्या रेनो शहरात आहे. तरीही 'घेऊ नका' म्हणणारी कंपनी लोकांना जास्त विश्वासाची वाटते आणि लोक तिच्याकडूनच घेतात, हे या गोष्टीतून दिसलं.

दुसरी मेख खुद्द कपड्यात आहे. आपल्याकडे शिंपी ब्लाऊज शिवताना आत थोडं जास्तीचं कापड सोडतो. त्याला 'माया' म्हणतात. अंगानं भरलात, तर शिवण उसवून तोच ब्लाऊज सैल करता येतो. कारखान्यातल्या स्वस्त कपड्यात माया नसते. ओव्हरलॉकची शिलाई कडेला लागून मारलेली असते, कारण लाखभर नगांमध्ये प्रत्येकी दोन सेंटिमीटर कापड वाचवलं तर मोठी रक्कम वाचते. शिवाय पातळ पॉलिस्टर आणि ताणणाऱ्या धाग्यांच्या मिश्र कापडाला ठिगळ नीट बसत नाही, एकदा सैल पडलं की ते कापड पूर्वीसारखं होत नाही. 'दुरुस्त करा' असं सांगणाऱ्यानं आधी दुरुस्त होईल असा कपडा विकला पाहिजे.

तिसरी मेख आपल्या रील्समध्येही आहे. परदेशात सेकंडहँड दुकानांतून मोठ्या मापाचे चांगले कपडे आणून, ते कापून छोटे टॉप करण्याची लाट आली. जाड शरीराच्या लोकांना परवडणाऱ्या दरात कपडे मिळणं आधीच कठीण, त्यात हे कपडेही गेले, अशी टीका त्यावर झाली. वापरता येईल असा कपडा केवळ व्हिडिओसाठी कापला तर त्याला बचत म्हणता येत नाही.

पैसे कोण भरणार?

युरोपात मजुरी महाग. पाच युरोच्या टी-शर्टसाठी दहा युरो शिलाई कोण देईल? म्हणून फ्रान्समध्ये २०२३ च्या अखेरीपासून कपडे आणि पादत्राणांच्या दुरुस्तीवर ६ ते २५ युरोंची सूट मिळू लागली. पाच वर्षांसाठी १५.४ कोटी युरोंचा निधी ठरला. हा पैसा येतो तो नवा माल बाजारात आणणाऱ्या कंपन्यांनी भरलेल्या वर्गणीतून. म्हणजे जो नवं विकतो, त्यानं जुनं टिकवण्याचा खर्च उचलायचा.

आपल्याकडे चित्र उलट आहे. अल्टर करून देणारा माणूस अजून गल्लीच्या टोकाला बसतो. जुन्या लुगड्यांची गोधडी होते. बोहारीण जुने कपडे घेऊन भांडी देते आणि त्यातले धड कपडे पुढे बाजारात विकले जातात. अगदीच चिंध्या झालेलं कापड हरियाणातल्या पानिपतला पोहोचून त्याचा पुन्हा धागा होतो. फ्रान्सला जी व्यवस्था पैसे घालून उभी करावी लागतेय, ती आपल्याकडे कमी मजुरीवर आणि फारसा मान न मिळता चालू आहे. तीनशे रुपयांच्या टी-शर्टला 'अल्टर कशाला, नवा घे' म्हणायची सवय आपल्यालाही लागली, तर पहिला फटका याच माणसांना बसेल.

बनवलेलं विकायचं असेल तर?

स्वतःसाठी हवं ते करा. पण ब्रँडचा लोगो तसाच ठेवून बदललेली वस्तू इन्स्टाग्रामवर विकणार असाल तर जपून. शनेलनं २०२१ मध्ये दागिन्यांच्या एका छोट्या अमेरिकी ब्रँडवर दावा केला होता, कारण तो शनेलचं चिन्ह असलेल्या बटणांपासून दागिने बनवून विकत होता. भारतातही १९९९ च्या ट्रेडमार्क कायद्यातलं कलम ३०(४) सांगतं की, बाजारात आल्यावर वस्तूची अवस्था बदलली असेल तर तिच्या पुढच्या विक्रीला चिन्हाचा मालक हरकत घेऊ शकतो. 'बदला, नवं करा' असं सांगणारी कंपनी तुम्ही त्यातून कमाई करू लागलात की तितकीच खूश राहील, असं धरून चालू नका.

सुरुवात कशी करायची?

न घालवणाऱ्या कपड्यापासून करा, आवडत्या कपड्यापासून नको. सुती कपडा कापण्याआधी एकदा धुऊन घ्या, नाहीतर शिवल्यावर आटेल. जीन्सला १६ किंवा १८ नंबरची सुई लागते, साधी सुई मोडते. टी-शर्टच्या ताणणाऱ्या कापडाला गोल टोकाची सुई आणि झिगझॅग टाका वापरा, सरळ टाका ताणल्यावर तुटतो. आणि पहिल्याच दिवशी जॅकेट शिवायला घेऊ नका. बटण, उसवलेली शिवण, पँटची खालची दुमड एवढं आलं, तरी टाकले जाणारे कितीतरी कपडे वाचतात.

आणि एखाद्या ब्रँडनं 'जुनं नवं करा' म्हणत तुम्हाला बोलावलं तर जरूर जा, शिकून घ्या. फक्त तीन गोष्टी बघा. पाच वर्षांपूर्वीचा कपडा ते दुरुस्त करून देतात, की फक्त आज घेतलेल्यावर नाव भरून देतात? त्यांच्या नव्या कपड्यात दुरुस्तीला जागा, म्हणजे माया, ठेवलेली असते का? आणि दुकानात दर आठवड्याला नवा माल येणं कमी झालंय का?

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर 'नाही' असेल, तर तो शिवणयंत्राचा कोपरा म्हणजे जाहिरातच आहे. आभाळच फाटलं तर ठिगळ कुठे कुठे लावणार, असं आपण म्हणतो. एकीकडे नव्या कपड्यांचे ढीग लावायचे आणि दुसरीकडे तरुणांच्या हातात सुई-दोरा द्यायचा, हे त्यातलंच झालं. पण कोपरा जाहिरातीचा असला तरी तिथे शिकलेला टाका तुमचाच असतो. तो घरी आणा आणि पुढचा कपडा घ्यायच्या आधी वापरा.