साठीनंतरचे मडी वॉटर्स

मिसिसिपीतल्या कापसाच्या मळ्यातून मडी वॉटर्स १९४३ मध्ये शिकागोला आले आणि इलेक्ट्रिक गिटारच्या साथीने त्यांनी ब्लूजचा नूरच पालटला. पुढे सत्तरच्या दशकाच्या मध्यावर चेस या ध्वनिमुद्रण कंपनीबरोबरचा त्यांचा दीर्घ प्रवास संपला. वय साठीपार.

ऑक्टोबर १९७६ मध्ये गिटारवादक जॉनी विंटर यांनी त्यांना कनेटिकटमधल्या स्टुडिओत गायला बसवलं. निर्माता म्हणून विंटर यांचं सर्वांत मोठं शहाणपण साथीदारांच्या निवडीत दिसतं. हार्मोनिकावर जेम्स कॉटन, जे पन्नासच्या दशकात मडींच्याच बँडमध्ये घडले. पियानोवर मडींच्याच पिढीतले पाइनटॉप पर्किन्स, ड्रम्सवर विली ‘बिग आइज’ स्मिथ. सगळे एकत्र बसून वाजवत होते, त्यामुळे ध्वनिमुद्रणात मैफलीची ऊब आहे. मडींचं १९५५ चं ‘मॅनिश बॉय’ हे गाणं इथे नव्याने ऐकावंच. मागून उत्साहाने आरोळ्या देणारे खुद्द विंटर आहेत!

या ध्वनिमुद्रणाचा ‘हार्ड अगेन’ हा अल्बम १९७७ मध्ये आला आणि त्याला ग्रॅमी मिळालं. याच साथीदारांपैकी पर्किन्स आणि स्मिथ यांच्या एकत्रित अल्बमलाही पुढे २०११ मध्ये ग्रॅमी मिळालं, तेव्हा पर्किन्स ९७ वर्षांचे होते.