मेल पाच दिवस असतो कुठे?

अक्कलकोट रोड एमआयडीसीतून मला येणाऱ्या फोनची सुरुवात ठरलेली असते. "ताई, मेल जाईना झालाय की." जात नाही हे कळलं कसं, असं विचारलं की उत्तर येतं, जर्मनीच्या बायरने व्हॉट्सॲपवर विचारलंय, टॉवेलचं कोटेशन अजून का नाही पाठवलं म्हणून. कोटेशन तर सोमवारीच पाठवलेलं. सेंट फोल्डरमध्ये दिसतंयसुद्धा. आज गुरुवार. मधले तीन दिवस सर्व्हर गप्प, मालक निर्धास्त आणि बायर वैतागलेला.

सोलापुरातल्या टॉवेल-चादरीच्या कारखान्यांचे, काही पतसंस्थांचे आणि साखर कारखान्यांच्या ऑफिसांचे मेल सर्व्हर सांभाळणं हे माझं काम. पुष्कळांनी आता गूगल किंवा मायक्रोसॉफ्टची सेवा घेतली आहे. ज्यांचा सर्व्हर स्वतःचा आहे, त्यांच्याकडे बहुधा लिनक्सवर पोस्टफिक्स नावाचं सॉफ्टवेअर चालतं. वित्से व्हेनेमा या संगणकतज्ज्ञाने ते नव्वदच्या दशकाच्या शेवटी आयबीएममध्ये असताना लिहिलं आणि फुकट देऊन टाकलं. त्याचं सगळं वागणं 'मेन डॉट सीएफ' नावाच्या एका साध्या मजकुराच्या फाइलवर चालतं. चादरीवर मोर उमटणार की नक्षी हे जकार्डच्या भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांत ठरतं आणि माग तेवढा हुकूम पाळतो, तसंच हे. एका ओळीत एक नाव, बरोबरचं चिन्ह आणि किंमत. जे फाइलमध्ये लिहिलेलं नाही, त्याची किंमत सॉफ्टवेअर स्वतःच धरून चालतं. अशा न लिहिलेल्या किमती शेकड्यांनी आहेत. त्या कुणीतरी, कुठेतरी, दुसऱ्याच कुणासाठी ठरवलेल्या असतात. माझी अर्धी कमाई त्यांच्यावर चालते.

तो सोमवारचा मेल घ्या. सेंट फोल्डरमध्ये दिसणं म्हणजे पोचपावती नव्हे. तुमच्या संगणकाने मेल तुमच्याच सर्व्हरच्या हातात दिला, एवढाच त्याचा अर्थ. सर्व्हर मग बायरच्या सर्व्हरचं दार वाजवतो. तिकडून 'आत्ता नाही, नंतर ये' असं उत्तर आलं की मेल रांगेत बसतो. आधी काही मिनिटांनी, मग तासाभराहून जास्त अंतराने पुन्हा दार वाजवलं जातं. हे किती दिवस चालायचं? पोस्टफिक्समध्ये ठरलेली किंमत आहे पाच दिवस. त्यानंतर मेल पत्ता चुकलेल्या पत्रासारखा परत येतो.

पाच दिवस हा आकडा हवेतून आलेला नाही. १९८९ साली इंटरनेटच्या नियमावलीत लिहून ठेवलं गेलं, की चार-पाच दिवस तरी प्रयत्न सोडू नयेत. तेव्हा समोरचं यंत्र दोन-तीन दिवस बंद असणं नवलाचं नव्हतं. म्हणून मी ही मुदत सहसा कमी करत नाही. बायरचा सर्व्हर शनिवार-रविवार आजारी पडू शकतो. घोळ पुढच्या ओळीत आहे. मेल रांगेत अडकलाय हे पाठवणाऱ्याला किती वेळाने कळवायचं, याचंही एक सेटिंग आहे आणि त्याची ठरलेली किंमत आहे शून्य. शून्य म्हणजे लगेच नव्हे. शून्य म्हणजे कधीच नाही. मी तिथे चार तास लिहिते. सकाळी अकराला अडकलेल्या मेलची खबर तीन वाजता मिळते, आणि बँक बंद व्हायच्या आत माणूस फोन तरी करू शकतो.

फाइलचा आकार हे दुसरं दुखणं. पोस्टफिक्समधली ठरलेली मर्यादा १,०२,४०,००० बाइट, म्हणजे साधारण दहा एमबी. डिझाइन विभागातला मुलगा आठ एमबीचा फोटो जोडतो, मेल परत येतो आणि माझ्यावर आरोप होतो की दहा सांगून आठसुद्धा जाऊ देत नाही. मेलला जोडलेली फाइल जशीच्या तशी जात नाही. तिचं आधी अक्षरांत रूपांतर होतं आणि त्यात ती एक तृतीयांशाहून थोडी जास्तच फुगते. दहाच्या मर्यादेत खरी फाइल सात-साडेसात एमबीचीच मावते. मग मालक म्हणतात, शंभर करून टाका की. शंभर करून उपयोग नाही, कारण जीमेलसुद्धा पंचवीसच्या वरचं पाठवू देत नाही. शिवाय पोस्टफिक्समध्ये मेलबॉक्सच्या आकाराची मर्यादा वेगळ्या ओळीत आहे, ५,१२,००,००० बाइट. एका मेलची मर्यादा तिच्या वर नेलीत, तर स्थानिक खात्यांत मेल टाकायलाच तो नकार देतो. एक ओळ दुसरीवर टेकलेली असते, हे ज्याला माहीत नाही त्याने फाइलला हात लावू नये.

हात लावायची पद्धतसुद्धा नाजूक आहे. मेन डॉट सीएफमध्ये ओळीच्या सुरुवातीला एखादी रिकामी जागा पडली, तर ती ओळ वरच्या ओळीचाच पुढचा भाग समजली जाते. व्हॉट्सॲपवरून मजकूर उचलून चिकटवणाऱ्या पोरांचा अर्धा दिवस त्या एका मोकळ्या जागेत जातो. टिपण लिहायचं असेल तर हॅशने सुरू होणारी स्वतंत्र ओळ करावी लागते, सेटिंगच्या शेपटीला ते जोडता येत नाही.

आता पैशांचा भाग. निर्यातीच्या धंद्यात ठगांची एक रीत सगळीकडे सारखी आहे. कारखान्याच्या एखाद्या खात्यात शिरायचं, पत्रव्यवहार शांतपणे वाचत बसायचं आणि बिलाची वेळ आली की बायरला कळवायचं, आमचं बँक खातं बदललंय, या नव्या खात्यावर पैसे टाका. आत शिरलेला माणूस बहुतेक वेळा आधी एक नियम लावतो, की येणाऱ्या मेलची एक प्रत बाहेरच्या पत्त्यावर जावी. मायक्रोसॉफ्टच्या सेवेत बाहेर आपोआप पाठवणं आता मुळातच बंद असतं. स्वतःच्या सर्व्हरवर ते आपण बंद करायचं असतं, आणि मालकाच्या मेव्हण्याला घरच्या जीमेलवर सगळे मेल हवे असले तरी बंदच ठेवायचं असतं. यावर माझी भांडणं झाली आहेत आणि पुढेही होतील.

असं काही घडलं की पहिला फोन १९३० या सायबर हेल्पलाइनला करायचा, आणि लगेच. त्यानंतर तपासणारे विचारतात, लॉग दाखवा. कुठून, कधी, कोण शिरलं याची सर्व्हरने ठेवलेली नोंद म्हणजे लॉग. बऱ्याच लिनक्स सर्व्हरवर ही नोंद किती ठेवायची हे दोन ओळी सांगतात: दर आठवड्याला नवी फाइल, जुन्या चारच ठेवा. म्हणजे महिनाभराच्या आधीचं सगळं पुसलेलं. ठग सहा आठवड्यांपूर्वी शिरला असेल तर त्याच्या पावलांचे ठसे सर्व्हरने स्वतःच झाडून टाकलेले असतात.

केंद्र सरकारच्या सर्ट-इन या संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या निर्देशांत लॉग १८० दिवस ठेवायला सांगितले आहेत, आणि घटना कळल्यापासून सहा तासांत कळवायला. लघु-मध्यम उद्योगांना तयारीसाठी २५ सप्टेंबर २०२२ पर्यंत मुदत मिळाली होती. ती संपून किती काळ लोटला हे आमच्याकडच्या काही सर्व्हरांना अजून कुणी सांगितलेलं नाही. चारच्या जागी सव्वीस लिहिलं की १८२ दिवस होतात. डिस्कवर थोडी जागा जाते, बाकी खर्च काही नाही.

त्याच निर्देशांत घड्याळाचीही गोष्ट आहे. सर्व्हरने आपली वेळ एनआयसी या सरकारी संगणक-संस्थेच्या किंवा दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या वेळेशी जुळवायची, कारण भारतीय प्रमाणवेळ तीच प्रयोगशाळा सांभाळते. सर्व्हरचं घड्याळ सात मिनिटं पुढे असेल तर बँकेची नोंद आणि आपली नोंद शेजारी ठेवून काहीच सिद्ध होत नाही. कॅलेंडरमध्येही वेळेचं क्षेत्र नीट लावलेलं हवं. जर्मनी आपल्यामागे हिवाळ्यात साडेचार तास आणि उन्हाळ्यात साडेतीन तास असते. मीटिंग डोक्यात हिशेब करून ठेवली की मार्चच्या शेवटी कुणीतरी तासभर रिकाम्या स्क्रीनसमोर बसतं.

मेल स्पॅममध्ये जातो ही तक्रार मात्र सर्व्हरच्या फाइलमधून सुटत नाही. ती डोमेनच्या नोंदींत, म्हणजे डीएनएसमध्ये सुटते. आमच्या नावाने मेल पाठवायची परवानगी कोणत्या सर्व्हरांना आहे, हे एसपीएफची ओळ सांगते. डीकेआयएम मेलवर सही करतो. या दोन्हींत नापास झालेल्या मेलचं काय करायचं, ते डीमार्क सांगतो. फेब्रुवारी २०२४ पासून गूगलने आपल्याकडे मेल पाठवणाऱ्या सगळ्यांना निदान एसपीएफ किंवा डीकेआयएम, आणि रोज पाच हजारांहून जास्त पाठवणाऱ्यांना तिन्ही सक्तीचं केलं. एसपीएफला दहा चौकशांची मर्यादा आहे. गूगल, पगाराचं सॉफ्टवेअर, जाहिरातीचे मेल पाठवणारी कंपनी अशी भर घालत गेलं की अकराव्या चौकशीला सगळी ओळच बाद ठरते. डीमार्क तर बहुतेक ठिकाणी 'काहीच करू नका' या पहिल्या पायरीवर लावतात आणि तिथेच विसरतात. तरीही एक गोष्ट यातून सुटत नाही. ठगाने तुमच्या नावात एखादं अक्षर बदलून दुसरं डोमेन घेतलं, तर त्याच्या नोंदी तुमच्याहून चोख असतात. खातं बदलल्याचा मेल आला की फोन उचलून आवाज ऐकावाच लागतो.

काही ऑफिसांत झिंब्रा आहे. मेल, कॅलेंडर, पत्त्यांची वही असं सगळं एकत्र. ही कंपनी याहू, मग व्हीएमवेअर असं करत सिनाकोरकडे आली. झिंब्राची काही सेटिंगं एका एक्सएमएल फाइलमध्ये असतात आणि त्या फाइलमध्ये डेटाबेसचा पासवर्डही उघडा लिहिलेला असतो. म्हणून ती फाइल 'जरा बघून सांगा' म्हणत कुणाला पाठवायची नाही. झिंब्रातही आत पोस्टफिक्सच आहे, पण तिथे मेन डॉट सीएफ हाताने बदललीत तर झिंब्रा ती पुन्हा आपल्या मनाप्रमाणे लिहून काढतो. तिथे त्याच्याच आज्ञा वापराव्या लागतात.

मी बदललेल्या प्रत्येक ओळीच्या वर हॅश टाकून तारीख आणि कारण लिहिते, मराठीत. "बायरच्या मोठ्या फाइल येतात म्हणून. मालकांशी बोलून." पोस्टफिक्सला विचारलं तर फाइलमध्ये मुद्दाम लिहिलेल्या तेवढ्याच ओळी तो दाखवतो. ती यादी छापून दर वर्षी मालकांच्या टेबलावर ठेवते. वाचतात की नाही, माहीत नाही. एक प्रश्न मात्र ते मला नेहमी विचारतात: तुम्ही उद्या नसाल तर? तेव्हा मी उलट विचारते, डोमेन कुणाच्या नावावर आहे? पुष्कळदा ते आठ-दहा वर्षांपूर्वी सोडून गेलेल्या एखाद्या मुलाच्या नावावर, त्याच्या खाजगी जीमेलवर असतं आणि नूतनीकरणाच्या आठवणी त्यालाच जात असतात. तुमच्याकडे तसं असेल तर मेन डॉट सीएफ राहू द्या, आधी तो मुलगा शोधा.