तोंडातल्या प्रतिकारपेशी : गैरसमज आणि वस्तुस्थिती

‘तुकडा काढला की आजार पसरतो’ या भीतीने कितीतरी जण तोंडातली जखम महिनोन्‌महिने अंगावर काढतात. बायोप्सीने तोंडाचा कॅन्सर पसरतो हे खरे नाही. ती टाळली तर मात्र निदान लांबते आणि आजाराला मोकळे रान मिळते. तीन आठवड्यांत न भरलेली जखम दाखवायलाच हवी.

प्रतिकारशक्ती कळायला रक्त तपासले की पुरे, असेही अनेकांना वाटते. पण गालाच्या आणि हिरडीच्या अस्तरात मुक्काम ठोकून बसलेल्या टी-पेशी रक्तात फारशा येतच नाहीत. त्या पाहायला तिथलाच तुकडा लागतो.

तो तुकडा कशात ठेवला, यावर पुढचे सारे ठरते. कल्याणहून परळच्या टाटा मेमोरियलला लोकलने नेईपर्यंत नमुना खराब होईल, ही धास्ती फॉर्मालिनमधल्या तुकड्याबाबत निराधार आहे. त्याचा मेणाचा ब्लॉक होतो आणि तीन-चार मायक्रॉन जाडीचे काप काचेवर घेतले जातात. सीडी८ या प्रथिनाला चिकटणारी अँटिबॉडी लावून रंग दिला, की मारक टी-पेशी तपकिरी दिसतात आणि त्या नेमक्या कुठे आहेत हेही कळते. फ्लो सायटोमेट्रीचे गणित वेगळे. तिला ताजा, थंड ठेवलेला तुकडा काही तासांत लागतो. तो कोलॅजनेज या विकराने विरघळवून, गाळून पेशी सुट्या करतात आणि चमकणाऱ्या अँटिबॉडी लावून एकेक पेशी लेझरसमोरून नेतात. सेकंदाला हजारो पेशी मोजता येतात, पण त्यांची मूळ जागा हरवते. म्हणूनच एक पद्धत दुसरीची जागा घेऊ शकत नाही.

‘प्रतिकारपेशी जास्त, म्हणजे चांगलेच’ हे तर अर्धसत्य. मारक पेशी कॅन्सरच्या गाठीत शिरल्या की काठावरच अडल्या, त्यांना आवरणाऱ्या नियामक पेशी किती, हे पाहावे लागते. याचा थेट संबंध उपचाराशी आहे. टी-पेशींवरचा लगाम सोडवणारे निव्होलुमॅब हे औषध महागडे. म्हणून कमी मात्रा पुरते का हे पाहायला टाटा मेमोरियलने डोके-मानेच्या बळावलेल्या कॅन्सरच्या १५१ रुग्णांवर चाचणी घेतली. गोळ्यांच्या उपचाराला दर तीन आठवड्यांनी अवघ्या २० मिलिग्रॅम निव्होलुमॅबची जोड दिल्यावर वर्षभर जगणाऱ्यांचे प्रमाण सुमारे १६ वरून ४३ टक्क्यांवर गेले.

ठाण्यात किंवा डोंबिवलीत बायोप्सी झाली आणि पुढे टाटाला जायचे असेल, तर रिपोर्टवर थांबू नका. स्लाइड आणि ब्लॉकही मागून घ्या, आणि ब्लॉक उन्हात ठेवू नका.