बारा रात्रींचा युरोप

युरोपला जायचं ठरलं की पहिली यादी शहरांची होते. पॅरिस तर हवंच, ॲमस्टरडॅम हवं, बर्लिन, प्राग, व्हिएन्ना, रोम, आणि इतक्या लांब जातोच आहोत तर लंडनही. सात नावं झाली. मग रजा मोजली जाते, ती जेमतेम दोन आठवड्यांची निघते. कागदावर हिशेब बसतो आणि बेत तिथेच बिघडतो.

मुक्काम हलवण्याचा दिवस कसा जातो ते पाहा. सकाळी दहा-अकराच्या आत हॉस्टेलची खाट सोडायची. सॅक बांधून मेट्रोने स्टेशन गाठायचं, फलाट शोधायचा. चार-पाच तासांचा प्रवास. नव्या शहरात उतरलं की तिथल्या तिकीट यंत्राशी झटापट, मग हॉस्टेल शोधणं. खोली बहुतेक ठिकाणी दुपारी दोन-तीननंतरच मिळते. आंघोळ करून बाहेर पडेपर्यंत संग्रहालयं बंद व्हायला आलेली असतात. म्हणजे दोन रात्रींचा मुक्काम असेल तर हातात पूर्ण दिवस एकच येतो, आणि एका रात्रीच्या मुक्कामात तोही येत नाही. म्हणून बेत आखताना मोजायच्या त्या रात्री. रात्रींतून एक वजा केली की त्या शहरात मिळणारे पूर्ण दिवस कळतात. हा हिशेब एकदा मनात ठसला की यादीतली दोन-तीन नावं आपोआप गळतात.

लंडन सर्वांत आधी गळतं. एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या देशांच्या शेंगेन क्षेत्रात ब्रिटन नाही. तिथला व्हिसा वेगळा, अर्ज वेगळा, पैसे वेगळे. रोम तसं दूरच राहतं. इटली ही स्वतंत्र सहल आहे आणि तिला रोम, फ्लोरेन्स, व्हेनिस असा पूर्ण वेळ द्यायला हवा. ॲमस्टरडॅम गाळणं मात्र जिवावर येतं. पण तिथे राहणं महाग, त्यात खोलीच्या भाड्यावर साडेबारा टक्के शहर कर. ॲन फ्रँकच्या घराची तिकिटं फक्त ऑनलाइन, दर मंगळवारी सहा आठवड्यांनंतरच्या तारखांसाठी खुली होतात आणि भराभर संपतात. शहराला तीन रात्री देता येत नसतील तर ते पुढच्या खेपेला ठेवावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

उरली चार शहरं: पॅरिस, बर्लिन, प्राग, व्हिएन्ना. चार, तीन, दोन आणि तीन अशा बारा रात्री. ही चारही एका वाटेवर येतात आणि कुठेही मागे फिरावं लागत नाही. विमानाचं तिकीटही तसंच काढायचं, जाताना मुंबई ते पॅरिस आणि येताना व्हिएन्ना ते मुंबई. तिकिटांच्या संकेतस्थळांवर ‘मल्टी-सिटी’ हा पर्याय याचसाठी असतो. भाडं अनेकदा साध्या परतीच्या तिकिटाच्या आसपासच असतं. थोडं जास्त पडलं तरी पॅरिसला परत येण्याचं भाडं आणि एक अख्खा दिवस वाचतो.

व्हिसाचा अर्ज कुठल्या देशाकडे करायचा, तेही या रात्रीच ठरवतात. शेंगेनचा नियम असा की जिथे मुक्काम सर्वांत जास्त, त्या देशाकडे अर्ज करायचा. मुक्काम सारखाच असेल तर जिथे पहिलं पाऊल पडणार त्या देशाकडे. आपल्या बेतात फ्रान्सच्या चार रात्री, म्हणून अर्ज फ्रान्सकडे. शुल्क मोठ्यांसाठी ९० युरो, शिवाय अर्ज स्वीकारणाऱ्या केंद्राचे सेवाशुल्क. प्रवास विमा किमान ३०,००० युरोंचा लागतो. पासपोर्ट गेल्या दहा वर्षांत काढलेला हवा आणि परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने चालणारा हवा. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. निर्णयाला साधारण पंधरा दिवस लागतात, पण तो पंचेचाळीस दिवसांपर्यंत लांबू शकतो. मे महिन्याच्या सुटीचा बेत असेल तर मुंबई-पुण्यातली सगळी मंडळी एकाच वेळी अर्ज करत असतात, त्यामुळे जानेवारीतच हालचाल केलेली बरी.

इथे एक पेच येतो आणि पहिल्यांदा जाणारे बरेच जण त्यात अडकतात. व्हिसासाठी मुक्कामाचे आणि प्रवासाचे कागद दाखवावे लागतात. दुसरीकडे, रेल्वेची स्वस्त तिकिटं रद्द केली तर पैसे परत मिळत नाहीत, आणि विमानासारखं त्यांचंही भाडं दिवसागणिक चढतं. यावर उपाय क्रम नीट लावण्याचा. आधी हॉस्टेलं ठरवायची, तीही शेवटपर्यंत फुकट रद्द करता येतील अशीच. विमानाचं तिकीट रद्द करता येईल असं, किंवा केवळ आरक्षण. मग अर्ज, तोही निघण्याच्या तीन-साडेतीन महिने आधी. पासपोर्टवर व्हिसा चिकटून आला की त्याच दिवशी बसून रेल्वेची तिन्ही तिकिटं काढून टाकायची. दोन महिने हातात असले तर स्वस्त भाडी बहुधा मिळतात.

युरेल पासचं काय, हा प्रश्न हमखास येतो. भारतात राहणाऱ्यांना युरेल मिळतो, इंटररेल हा तिथल्या रहिवाशांचा. एका पासवर ३३ देश, आणि २७ वर्षांपर्यंतच्यांना सवलत. पण पासाचा खरा फायदा वाटेल तेव्हा वाटेल त्या गाडीत चढणाऱ्याला. फ्रान्सच्या वेगवान गाड्यांना पास असला तरी आरक्षणाचे पैसे वेगळे मोजावे लागतात. आपल्या बेतात मोठे प्रवास तीनच आणि तारखा ठरलेल्या. अशा वेळी आधी काढलेली सुटी तिकिटं स्वस्त पडतात. पास घ्यायचा तो महिनाभराच्या भटकंतीसाठी.

आता आठवड्याचे वार बसवू. हे काम कंटाळवाणं वाटतं, पण सहलीचं सुख यावर फार अवलंबून असतं. जर्मनी आणि ऑस्ट्रियात रविवारी दुकानं बंद असतात. वाणसामानाची मोठी दुकानंसुद्धा, मोठ्या स्टेशनांतली काही सोडली तर. शाकाहारी माणूस, हॉस्टेलच्या स्वयंपाकघरात भात शिजवायचा विचार आणि शहर सगळं कुलूपबंद, अशी पाळी येऊ शकते. पॅरिसमध्ये लूव्र मंगळवारी बंद, ओर्से सोमवारी बंद. म्हणून शुक्रवारी रात्री मुंबईहून निघून शनिवारी पॅरिसला उतरावं. रविवारी ओर्से, सोमवारी लूव्र. मंगळवारी २०१९च्या आगीनंतर डिसेंबर २०२४मध्ये पुन्हा उघडलेलं नोत्र-दाम आणि रोदँचं संग्रहालय. नोत्र-दामला प्रवेश फुकट आहे. लूव्रचं तिकीट मात्र जानेवारी २०२६पासून युरोपबाहेरच्या पर्यटकांना ३२ युरोंना पडतं, तेव्हा तिथे घाईने चक्कर मारून बाहेर पडणं म्हणजे पैसे वाया घालवणं. सकाळी उघडताना आत शिरावं आणि दोन-तीनच दालनं निवडावीत. बुधवारी बर्लिनची गाडी. बर्लिनचे पूर्ण दिवस गुरुवार-शुक्रवार, शनिवारी प्राग, रविवारही प्रागमध्येच आणि सोमवारी व्हिएन्ना. असा बेत केला की जर्मनी-ऑस्ट्रियाचा रविवार आपल्या वाट्याला येतच नाही. शनिवारी रात्री प्रागमध्ये दंगा जास्त असतो आणि खाटही महाग असते, हे मान्य. तेवढं सोसायचं. पॅरिसच्या स्थानिक वाहतुकीचा आठवड्याचा ‘नाविगो’ पास कधीही घेतला तरी सोमवार ते रविवार असाच चालतो, त्यामुळे शनिवारी उतरणाऱ्याने तो घेऊ नये.

पॅरिस ते बर्लिन थेट वेगवान गाडी डिसेंबर २०२४पासून धावते. स्ट्रासबुर्ग, फ्रँकफुर्टमार्गे साधारण आठ तास लागतात. दिवस जातो खरा, पण गाडी बदलावी लागत नाही, आणि याचं मोल मोठं आहे. जर्मन रेल्वेच्या लांब पल्ल्याच्या गाड्या हल्ली वरचेवर उशिरा धावतात. दहा मिनिटांत दुसरी गाडी पकडायची असेल तर ती चुकणार असंच धरून चालावं. उशीर तासाभराचा झाला तर भाड्याचा चौथा हिस्सा आणि दोन तासांचा झाला तर निम्मं भाडं मागण्याचा हक्क प्रवाशाला युरोपीय संघाच्या नियमाने आहे. त्यासाठी तिकीट जपून ठेवावं.

रात्रीच्या गाडीचा मोह अनेकांना होतो. जर्मन रेल्वेने शयनगाड्या बंद केल्यावर ऑस्ट्रियन रेल्वेने २०१६च्या अखेरीस ‘नाइटजेट’ सुरू केली आणि त्या प्रवासाला पुन्हा बरे दिवस आले. खाट मिळत असेल तर जरूर जा. बसून रात्र काढायची असेल तर नको, कारण दुसरा दिवस डोळे चोळण्यात जातो.

या सगळ्या वाटेत मला सर्वांत प्रिय आहे तो बर्लिन-प्राग टप्पा, चार तासांहून थोडा जास्त. ड्रेस्डेन सुटलं की गाडी एल्ब नदीच्या काठाला लागते. प्रागकडे जाताना नदी डाव्या हाताला राहते, म्हणून आरक्षण करताना डावीकडची खिडकी मागून घ्यावी. वालुकाश्माचे उभे सुळके नदीतून वर आल्यासारखे दिसतात, त्यांच्या पायथ्याशी उतरत्या छपरांची गावं, पाण्यातून संथ जाणारी एखादी नाव. बाड शांडाऊनंतर जर्मनी संपते आणि डेचिनला चेक देश लागतो. पासपोर्टवर शिक्का नाही, नदीही तीच, फक्त तिचं नाव आता लाबे होतं. या टप्प्यात फोन बाजूला ठेवावा, डुलकी काढू नये. गाडीला चेक भोजनयान असेल तर तिथेच जाऊन बसावं. शाकाहारी माणसाला चेक देशात तळलेलं चीज आणि बटाटे हा भरवशाचा आधार असतो.

खाण्याची चिंता आपल्याकडे जरा जास्तच केली जाते. पॅरिसला गार द्यु नॉरच्या मागे ला शापेलच्या गल्ल्यांत श्रीलंकेतल्या तमिळ लोकांची दुकानं आहेत, तिथे डोसा मिळतो, कढीपत्ताही. मारे भागात रोझिए रस्त्यावर फलाफल. बर्लिनमध्ये तुर्की आणि अरब खाणावळी पावलोपावली. पाणी विकत घ्यायची गरज नाही. व्हिएन्नाच्या नळाला १८७३पासून आल्प्समधल्या झऱ्यांचं पाणी येतं. रिकामी बाटली सॅकच्या बाजूच्या कप्प्यात कायम असावी.

सॅकबद्दल मी आग्रही आहे. भरलेली सॅक सात-आठ किलोंच्या वर नको. पॅरिसच्या मेट्रोत जिने फार, प्रागचे रस्ते दगडी, जुन्या इमारतींत उद्वाहक असेलच असं नाही. तीन-चार जोड पुरतात. मधे बर्लिनला एकदा यंत्रात कपडे धुवायचे. लवकर वाळणारा पंचा घ्या, तो टॉवेलच्या पाव जागेत मावतो. स्वतःचं छोटं कुलूप घ्यायला विसरू नका, कारण डॉर्ममध्ये कपाट असतं पण कुलूप बहुधा आपलं लागतं. या स्वस्त मुक्कामांचा उगमही जर्मनीतलाच. रिचर्ड शिरमान नावाच्या शिक्षकाने १९१२मध्ये आल्टेनाच्या किल्ल्यात पायी भटकणाऱ्या मुलांसाठी पहिलं युवा वसतिगृह कायमचं सुरू केलं. आज डॉर्ममधली खाट पॅरिसमध्ये साधारण चाळीस ते साठ युरोंना पडते, प्रागमध्ये बरीच स्वस्त. फक्त मुलींसाठीच्या डॉर्मही मिळतात. पन्नाशीतली माणसंही तिथे राहतात, पण काही हॉस्टेलांत वयाची अट असते, ती आधी वाचून घ्यावी.

पैशांचं थोडक्यात. चेक देशात युरो नव्हे, कोरुना चालतं. रस्त्यावरच्या पैसे बदलण्याच्या दुकानांपासून दूर राहावं. एटीएम किंवा दुकानातलं यंत्र ‘रुपयांत आकारू का’ असं विचारतं, तेव्हा नाही म्हणून तिथलंच चलन निवडावं, नाहीतर दरात मार बसतो. कार्डावरचे परदेशी व्यवहार निघण्यापूर्वी बँकेच्या ॲपमधून सुरू करून ठेवावेत. बर्लिन आणि प्रागमध्ये कागदी तिकिटावर यंत्रात शिक्का मारून घ्यावा लागतो. तिकीट असूनही शिक्का नसला तर दंड होतो आणि पाहुणे आहोत म्हणून कुणी सोडत नाही.

बर्लिनच्या दोन दिवसांत मी संग्रहालयांना हात कमी लावेन. पेर्गामोन तर दुरुस्तीसाठी ऑक्टोबर २०२३पासून बंदच आहे. त्याऐवजी बेर्नाउअर रस्त्यावर जावं. १३ ऑगस्ट १९६१ला इथे सीमा बंद झाली तेव्हा घरं पूर्वेत आणि घरासमोरचा पदपथ पश्चिमेत अशी अवस्था होती. लोकांनी खिडक्यांतून उड्या मारल्या, मग त्या खिडक्या विटांनी बुजवण्यात आल्या. भिंतीचा मूळ तुकडा, त्यामागची मोकळी पट्टी आणि पहाऱ्याचा मनोरा तिथे आहेत. पाहायला पैसे लागत नाहीत. राइशटागच्या काचेच्या घुमटावर जाणंही फुकट, पण नाव आधी नोंदवावं लागतं.

व्हिएन्नाला तिसरी रात्र दिली ती ऑपेरासाठी. जुलै-ऑगस्ट सोडून गेलात तर स्टेट ऑपेरात उभ्याने पाहायची तिकिटं त्याच दिवशी मिळतात, बसायच्या जागांच्या मानाने अगदी स्वस्त. आत गेल्यावर आपल्या जागेच्या कठड्याला रुमाल बांधायचा, म्हणजे ती जागा आपली. मग निर्धास्त फिरून यावं, कुणी ती घेत नाही. समोरच्या छोट्या पडद्यावर गाण्याचा अर्थही वाचता येतो. मे किंवा सप्टेंबर हे म्हणूनच चांगले महिने. डिसेंबरात बर्लिनला चारच्या आत सूर्य मावळतो आणि दिवस मोजून घेतलेल्या माणसाला ते परवडत नाही.

गुरुवारी परतीचं विमान. मुख्य स्टेशनवरून विमानतळाला गाडीने साधारण पंधरा मिनिटं लागतात. तरी तीन तास आधी पोचावं, कारण ऑक्टोबर २०२५पासून शेंगेन सीमेवर शिक्क्याऐवजी बोटांचे ठसे आणि छायाचित्र घेणारी नवी यंत्रणा लागू होऊ लागली आहे आणि परत जातानाही तिच्या रांगेतून जावं लागतं.