झोपेच्या गोळीसाठी उठवलेला रुग्ण

रुग्ण गाढ झोपलेला आहे. परिचारिका येते, त्याला हलवून जागे करते आणि त्याच्या हातावर झोपेची गोळी ठेवते. कारण कामांच्या यादीत ते काम लिहिलेले असते. हा चुटका वाटेल. पण इझाबेल मेन्झीज या ब्रिटिश मनोविश्लेषक संशोधिकेने लंडनमधल्या एका मोठ्या रुग्णालयाच्या अभ्यासात तो गांभीर्याने नोंदवला आहे. १९६०च्या सुमारास प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात आणखी एक नोंद आहे: शिकाऊ परिचारिकांपैकी सुमारे एक तृतीयांश मुली प्रशिक्षण अर्ध्यावर सोडून जात होत्या.

मेन्झीजना दिसले ते असे. रुग्णाचा उल्लेख नावाने न होता खाटेच्या क्रमांकाने किंवा बिघडलेल्या अवयवाने होई. एका रुग्णाची सगळी देखभाल एका परिचारिकेकडे नसे. एकीने सगळ्यांचे ताप मोजायचे, दुसरीने सगळ्यांची भांडी द्यायची. कुणाशी जिव्हाळा जुळतोय तोवर वॉर्ड बदले. वरवर पाहता ही शिस्त. मेन्झीज म्हणतात, ही ढाल आहे. परक्या माणसाचे उघडे शरीर, वेदना, मृत्यू यांच्या सान्निध्यात दया येते, तशीच किळस येते, रागही येतो आणि त्या रागाची लाज वाटते. हे सारे अंगावर येऊ नये म्हणून संस्थेने नकळत ही व्यवस्था रचली होती. पण तिच्यामुळे भीती गेली नाही, माणसाला बरे केल्याचे समाधान मात्र गेले. सोडून जाणाऱ्यांत बऱ्याच जणी चांगल्या, जाणत्या होत्या, ही त्यातली खरी बोच.

त्याच काळात त्याच शहरात दुसरी वाट शोधली जात होती. मायकेल बॅलिंट हा मूळचा बुडापेस्टचा मनोविश्लेषक, एका जनरल प्रॅक्टिशनरचा मुलगा. त्याची पत्नी ईनिड ही वैवाहिक अडचणींवर काम करणाऱ्या समाजसेवकांबरोबर गटचर्चा घेत असे. ती पद्धत १९५०च्या दशकात दोघांनी टॅव्हिस्टॉक क्लिनिकमध्ये जनरल प्रॅक्टिशनर डॉक्टरांसाठी वापरली. आठ-दहा डॉक्टर आठवड्यातून एकदा गोल बसत. एकाने कागद न पाहता आपल्या एखाद्या रुग्णाविषयी सांगायचे: पुन्हापुन्हा येणारा, चिडवणारा, मनातून न जाणारा रुग्ण. बाकीच्यांनी इलाज सुचवायचा नाही, चूक काढायची नाही. त्या दोघांमध्ये काय चालले असेल, एवढाच विचार करायचा. १९५७मध्ये बॅलिंटचे पुस्तक आले. त्यातला मध्यवर्ती विचार असा की, सर्वाधिक दिले जाणारे औषध म्हणजे खुद्द डॉक्टर. पण या औषधाची मात्रा किती, दुष्परिणाम कोणते, हे कुठल्याच ग्रंथात नाही.

हे औषध बाटलीत संपतेही. १९७४मध्ये हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर या मानसशास्त्रज्ञाने न्यूयॉर्कमधल्या मोफत दवाखान्यातल्या स्वयंसेवकांची अवस्था ‘बर्नआउट’ या शब्दात मांडली. तो स्वतः दिवसाचे काम संपवून तिथे राबत असे. लक्षणे त्याने स्वतःवरच पाहिली होती. पुढे हा शब्द जगभर गेला आणि त्याच्यामागोमाग उपायही आले: योगासने करा, छंद जोपासा, सुट्टी घ्या. यांत वाईट काहीच नाही. पण २०१९मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने बर्नआउटची जी व्याख्या स्वीकारली, तिच्यात तो आजार मानलेला नाही. कामाच्या ठिकाणच्या दीर्घकाळ न आवरलेल्या ताणाचा तो परिणाम आहे. मग ताण कामाच्या ठिकाणचा आणि उपाय घरी, स्वतःच्या वेळात, स्वतःच्या खर्चाने, हा हिशेब कसा जुळायचा? बॅलिंटच्या गटाचे महत्त्व इथे आहे. आत्मचिंतन ही एकट्याने उशीवर डोके ठेवून करायची गोष्ट नव्हे. तिला ठरलेली वेळ, सोबत आणि भरवसा लागतो. या तिन्ही गोष्टी संस्थाच देऊ शकते.

हा मुद्दा आपल्या दाराशी आणून पाहावा. २००५ सालच्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानातून ‘आशा’ गावोगाव आल्या, साधारण हजार वस्तीमागे एक. नियमानुसार आशा त्याच गावची असते. कागदोपत्री ती स्वयंसेविका, मोबदला बव्हंशी कामागणिक. बैठकीत तिला विचारले जाते ते आकडे: गरोदर किती, लसीकरण किती, प्रसूती दवाखान्यात किती. एखादे बाळ दगावले तर त्याचीही माहिती कळवायची असते: वय, तारीख, कारण. शहरातली परिचारिका पाळी संपली की वॉर्डाबाहेर पडते. आशा कुठे जाणार? ज्या आईचे बाळ गेले, ती दुसऱ्या दिवशी नळावर भेटते. तिच्या नजरेला नजर कशी द्यायची, हे कुठल्याही प्रशिक्षणात नाही आणि सांगायला बैठकीत जागा नाही.

गोल बसून बोलल्याने मोबदला वाढत नाही, हे खरेच. थकलेल्या माणसाला हक्काच्या पैशांऐवजी सहानुभूतीची बैठक देणे ही फसवणूकच होईल. पण पैसे मिळाले म्हणून ती नळावरची भेट सोपी होत नाही. दोन्ही मागण्या वेगवेगळ्या आहेत आणि दोन्ही रास्त आहेत.

महिन्याच्या बैठकीतला एक तास रजिस्टरे मिटवून ठेवावीत आणि एकीने सांगावे, बाकीच्यांनी ऐकावे. याला इमारत लागत नाही, यंत्र लागत नाही. लागते ती एवढीच कबुली, की दुसऱ्याचे दुःख हाताळणाऱ्याच्या हाताला ते लागते. ही कबुली दिली नाही, तर यादीबरहुकूम सगळी कामे होतील. झोपलेल्याला उठवून झोपेची गोळीसुद्धा वेळेवर दिली जाईल.