काटेरी रानाचे शहाणपण

उन्हाळ्याच्या सुट्टीत ग्वाल्हेरहून शिवपुरीकडे जाताना दोन्ही बाजूंना उघडे खडक आणि काड्यांसारखी झुडपे दिसतात. "सगळे वाळून गेले!" असे आपण सहज म्हणून जातो. पण विद्यार्थी मित्रांनो, हे रान मेलेले नसते. ते पावसाची वाट पाहत असते.

आपल्या भागात वर्षाला साधारण ८०० मिलिमीटर पाऊस पडतो. आकडा लहान नाही. पण बहुतेक पाऊस जूनअखेर ते सप्टेंबर एवढ्यातच पडतो. उरलेले महिने जवळजवळ कोरडेच. मे-जूनमध्ये पारा ४५ अंशांपर्यंत चढतो, लू वाहते; जानेवारीत रात्री तोच ५ अंशांच्या आसपास उतरतो. त्यात टेकड्यांवर मातीचा थर पातळ, म्हणून पाणी मुरण्याआधीच वाहून जाते. अशा ठिकाणी घनदाट जंगल नव्हे, तर झुडपी रानच तग धरते.

पानांतून पाण्याची वाफ होते, हे आपण पुस्तकात शिकलो. म्हणूनच बाभूळ आणि खैर यांची पाने बारीक पर्णिकांची असतात. करील, म्हणजे मराठीतली नेपती, हिने तर पाने जवळजवळ सोडूनच दिली. तिच्या हिरव्या फांद्याच अन्न तयार करतात. बोरीची मुळे खोल जातात आणि काटे तिला गुरांपासून वाचवतात. धावड्याची नातेवाईक करधई पाने गाळून उन्हाळा काढते आणि हवेत ओलावा येताच पालवते.

हे रान उपयोगीही आहे. खैरापासून कात मिळतो, करीलच्या फळांचे लोणचे होते, हिंगोटाच्या गराने कपडे धूत असत. २०२२ च्या सप्टेंबरात नामिबियातून चित्ते आणले, ते कुनोच्या अशाच कोरड्या रानात आणि गवताळ भागात.

तरीही अशा जमिनीला आपण 'पडीक' म्हणतो. चंबळच्या घळी हिरव्या करण्यासाठी १९८० च्या दशकात विमानातून विलायती बाभळीच्या बिया टाकल्या गेल्या. हिरवळ आली, पण तिच्या दाटीत गवत आणि देशी झुडपे मागे हटली. झाड लावणे चांगले. मात्र कोणते आणि कुठे, हा विचार आधी हवा.

यंदा वृक्षारोपणाच्या वेळी आपण शोभेच्या रोपांसोबत बोर, खैर आणि करधईलाही जागा देऊ या. पालकांनी आणि विश्वस्त मंडळाने याचा अवश्य विचार करावा, ही आमची विनंती. पहिले दोन उन्हाळे पाणी घालू. पुढचे त्यांचे त्यांना ठाऊक आहे.